‘हडळ’ला काना नाही, मात्रा नाही : नवशिक्या वाचकांसाठी भुताच्या गोष्टी हव्या आहेत

सप्रेम नमस्कार,

आमच्या वाचनालयाच्या बालविभागात नुकतीच वाचायला लागलेली मुलं येतात. अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द जुळवतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "भुताचं आहे का?" आणि त्यांच्या हातात द्यायला आमच्याकडे काही नसतं. भुताच्या गोष्टी कपाटात आहेत, पण त्या सराईत वाचणाऱ्यांच्या. बारीक टाइप, लांब वाक्यं, ओळीओळीत जोडाक्षरं. नवशिक्यांच्या पुस्तकांत मात्र ‘कमल, घर बघ’ याच्यापुढे फारसं काही घडत नाही. मूल सात वर्षांचं असतं, त्याचं वाचन एका वर्षाचं असतं, आणि आपण त्याला गोष्टही एका वर्षाच्या बाळाची देतो.

म्हणून ही पुस्तकं आपणच करायची, असं समितीने ठरवलं आहे. पहिल्या खेपेला २० गोष्टी. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

भुताच्याच का, असं काही पालकांनी विचारलं. नवीन वाचणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. इतके कष्ट घेऊन पुढची ओळ वाचायची, तर तसं कारण हवं. ‘दार करकरलं. आत कुणीतरी होतं.’ एवढं वाचलेल्या मुलाला पान उलट म्हणून सांगावं लागत नाही. आमच्याकडची एक मुलगी याच ओळीपाशी थांबली. तिने मागे वळून पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बोट पुन्हा ओळीखाली ठेवलं. त्याआधी दोन ओळी झाल्या की ती कंटाळून उठायची.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. पडद्यावरची भीती तिच्या वेगाने अंगावर येते. वाचताना ती मुलाच्या बोटाच्या वेगाने येते. नको वाटलं तर बोट थांबतं, पुस्तक मिटतं. भीतीचा लगाम आपल्या हातात असणं मुलांना इतर ठिकाणी क्वचितच मिळतं.

आपली भाषा या कामाला फार सोयीची आहे. ‘हडळ’ शब्दात काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही. सुटी अक्षरं ओळखणारं मूल तो पहिल्याच महिन्यात वाचतं. ‘चकवा’ला एकच काना. भूत, वेताळ, खवीस, मुंजा यांत एकही जोडाक्षर नाही. सावली, पाऊल, काळोख, घुबड, पडका वाडा, सगळे सोपे शब्द. ब्रह्मराक्षसाला मात्र थोडं थांबावं लागेल, त्याच्या एका नावात तीन जोडाक्षरं आहेत. ‘रात्र’मध्ये ‘त्र’ आहे, पण रात्रीवाचून भुताचं भागायचं नाही, म्हणून तेवढी सवलत. ‘मध्यरात्र’ नको.

हे आम्ही चुकतमाकत शिकलो. पहिल्या कच्च्या गोष्टीत ‘टक टक. कोण आहे? उत्तर नाही.’ असं लिहिलं होतं. मुलं ‘त्त’पाशी अडकायची, आणि ते सुटेपर्यंत भीती पार विरून जायची. मग ‘कुणी बोललं नाही’ केलं. तिथे पोचल्यावर मुलांचा आवाज आपोआप बारीक झाला.

असं काम दुसरीकडे झालेलं आहे. इंग्रजीत डॉ. स्यूस यांनी १९५७ साली ‘द कॅट इन द हॅट’ अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं. अॅल्विन श्वार्ट्झ यांचं ‘इन अ डार्क, डार्क रूम’ १९८४चं. त्यात सात भीतीदायक गोष्टी आहेत, त्याही वाचायला शिकणाऱ्यांसाठीच. मराठीत असा संच आपल्या मुलांना मिळावा, एवढीच आमची धडपड आहे.

गोष्ट साधारण १५० शब्दांची असावी. वाक्य चार-पाच शब्दांचं. एखादं वाक्य पुन्हा पुन्हा आलं तर उत्तम, तिसऱ्या वेळी मूल ते न अडखळता वाचतं आणि खुलतं. दचकवणारी ओळ पान उलटल्यावर यावी, त्यामुळे पान कुठे संपतं ते लिहितानाच ठरवा. रक्त, खून, छळ नको. ‘ऐकलं नाहीस तर भूत धरेल’ ही धमकी अजिबात नको, तात्पर्य तर नकोच. गोष्टीतलं मूल शेवटी एकटं पडू नये. पण प्रत्येक भूत शेवटी मांजरच निघायला हवं असंही नाही. दोन-तीनदा मांजर निघालं की मुलांना फसवल्यासारखं वाटतं.

चित्रकारांची गरज लेखकांइतकीच आहे. चित्राने भूत ओळीच्या आधी दाखवून टाकू नये, हे सांभाळणारा हात हवा. मोठ्या टाइपात, शब्दांत मोकळी जागा सोडून अक्षरजुळणी करणारं कुणी हवं. एक मोठा कागद तीनदा दुमडला की १६ पानं होतात, प्रत्येक पुस्तिका तेवढीच ठेवणार आहोत, म्हणजे खर्च आटोक्यात राहील. तरीही कागद, छपाई आणि शिलाईला पैसे लागतील. रक्कम कितीही चालेल. देणगीची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल. हे काहीच जमण्यासारखं नसेल, तर आठवड्यातून एक तास एका मुलाशेजारी बसायला या.

गोष्ट हाताने लिहिलेली असली तरी चालेल, बालविभागात आणून द्या. ती छापण्याआधी एक मूल तुमच्यासमोर वाचेल. तेव्हा मदत करायची नाही, शब्द सुचवायचा नाही. ते जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायची, आणि घरी जाऊन ती ओळ पुन्हा लिहायची.

आपली,
बालविभाग समिती