घुबडाच्या पेलेटबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

हॅलोविनच्या आधी सिएटलजवळच्या निसर्गकेंद्रात तुम्ही मुलांसाठी पक्ष्यांचा कार्यक्रम घेतलात. निघताना गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. मंडळातल्या बाकीच्या आईबाबांनीही वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

इथं ऑक्टोबर लागला की दुकानांत प्लास्टिकची घुबडं, कावळे, गिधाडं लटकायला लागतात. बहुतेक ठिकाणी मुलांना तीच रंगवायला देतात. तुम्ही प्रत्येकाच्या हातात चिमटा आणि फॉइलमध्ये गुंडाळलेलं पेलेट दिलंत. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं, हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांचा गोळा ते ओकून टाकतं. हा गोळा तापवून निर्जंतुक केलाय, घाबरू नका. एवढं सांगून तुम्ही बाजूला झालात. "ई, ओकारी!" म्हणणारी पोरं नंतर मान वर करायला तयार नाहीत.

ईराच्या पेलेटमधून बोटाच्या पेराएवढी कवटी निघाली. दातांची टोकं तांबूस. "रक्त!" म्हणून ती किंचाळली. तुम्ही हसला नाहीत, तिच्यासमोर भिंग आणि हाडांचा तक्ता सरकवलात. शोधता शोधता ती चिचुंद्री निघाली. इथल्या चिचुंद्र्यांच्या दातांत लोह असतं, त्याचा तो रंग.

सासूबाई साताऱ्याहून आल्यात. घुबडाचं नाव काढलेलंही त्यांना चालत नाही, म्हणून लांब बसल्या होत्या. चिचुंद्री म्हटल्यावर मात्र खुर्ची ओढून पुढे आल्या. "आमच्याकडं नसतात असले लाल दात!" तुम्ही म्हणालात, "बरोबर आजी, आपल्याकडच्या चिचुंद्र्या पांढऱ्या दातांच्या." शुभ-अशुभावर चकार शब्द काढला नाहीत. खरे आभार याचेच. त्या विषयावर आमच्या घरात आजवर फक्त वाद झालेत. तुम्ही त्यांच्या हातात चिमटा दिलात.

कानांचा खेळही मस्त होता. डोळे बांधून एका कानाला कागदी पेला वर, दुसऱ्याला खाली, आणि वाळक्या पानांची खसखस कुठून येतेय ते ओळखायचं. गव्हाणी घुबडाचे कान एका पातळीत नसतात, म्हणून अंधारात त्याला उंदीर किती खाली आहे तेही कळतं. बाबालोकांनीच जास्त धिंगाणा घातला, ते सोडा.

आणि मुखवट्याची गोष्ट! 2006 साली इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पक्ष्यांचे अभ्यासक जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहामानवाचा मुखवटा घालून 7 कावळे पकडले, पायांत कडी घालून सोडून दिले. पुढं कितीतरी वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करायचे. कधीच न पकडलेलेसुद्धा. पकडताना न वापरलेल्या, तेव्हाचे अमेरिकी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मुखवट्याकडं मात्र ढुंकून बघायचे नाहीत. हॅलोविनला याहून चांगली भुताची गोष्ट मी ऐकलेली नाही. आता ईराला संध्याकाळी सिएटलजवळच्या बॉथेलला जायचंय, तिथं हिवाळ्यात हजारो कावळे वस्तीला येतात. मुखवटा घालून जायचा हट्ट आहे. जाऊ द्यावं का, तेवढं कळवा.

पुढच्या ऑक्टोबरला चिमटे, काळे कागद, डिंक यांची जमवाजमव आमच्याकडं लागली. दिवाळी जवळ असली तर चकल्याही. सासूबाई म्हणाल्यात, पेलेट फोडायचं टेबल आणि फराळाचं टेबल तेवढं लांब लांब ठेवा.

तुमची,
ईराची आई