उज्जीवन सभेच्या आधी एक वही

ती. आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, चर्चच्या पंचमंडळाने उज्जीवनाचं, म्हणजे मंडळीत नवा जीव आणण्याचं, काम तुमच्यावर सोपवलंय आणि तीन दिवसांची सभा, मंडप, बाहेरचे वक्ते असा बेत चाललाय, हे फोनवर कळलं. फोनवर माझं म्हणणं नीट मांडता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. सभा घ्यायची तर जरूर घ्या, पण ती सगळ्यात शेवटी. आधी दोनशे पानी वही आणा आणि मंडळीतल्या माणसांचे बारा-बारांचे गट पाडा. सभेला लोक येतात, रडतात, हात वर करतात, आणि दोन महिन्यांनी बाकं पुन्हा तेवढीच रिकामी दिसतात. कारण सोमवारी त्यांच्या दारात कोण जाणार, हे कुणीच ठरवलेलं नसतं.

ही रीत मेथडिस्टांची, म्हणजे माझ्या सासरच्या पंथाची आहे. आपली मिरजेची मंडळी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमधून वाढलेली, त्यामुळे पंचांपैकी कुणीतरी ‘सासरचं शिकून आली’ असं म्हणेलच. त्यांना इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची गोष्ट सांगा. १५ फेब्रुवारी १७४२ ला मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली आणि त्यांचे लोक तिथल्या सभागृहाचं कर्ज कसं फेडायचं याचा विचार करत बसले होते. कॅप्टन फॉय नावाच्या माणसाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. बरेच जण गरीब आहेत, त्यांना परवडणार नाही, असं कुणीतरी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. मग पैसे गोळा करणारे दर आठवड्याला घरोघर जायला लागले, आणि त्यांना दिसलं की एक नवरा-बायको बोलत नाहीत, एक दारूकडे वळलाय, एक अंथरुणाला खिळलाय. वेस्लींच्या लक्षात आलं की वसुलीपेक्षा ही माहिती मोलाची आहे. त्यातून क्लास मीटिंग, म्हणजे दर आठवड्याला भेटणाऱ्या छोट्या गटाची बैठक, निघाली. पुढे १८७१ च्या अखेरीस मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले, तेव्हा त्यांचंही काम आधी घराघरांतल्या अशाच गटांतून वाढलं. चर्चची इमारत नंतर आली.

आता तुमच्या कामाचं. ‘क्लास’ म्हटलं की मिरजेत लोकांना शिकवणी वाटेल, म्हणून सरळ ‘गट’ म्हणा. एका गटात दहा ते बारा मोठी माणसं. पंधरावर गेली की दोन गट करायचे, नाहीतर चौघेच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. गट गल्लीवार पाडा, नात्यावर नको. एकाच भावकीचे बारा जण एकत्र आले, तर वाटणीचा जुना वाद प्रार्थनेतही डोकं वर काढतो आणि बाहेरची सून तोंड उघडत नाही. प्रत्येक गटाला दोन प्रमुख, एक बाई आणि एक पुरुष, एकाच घरातले नकोत. पाळकसाहेबांना गटप्रमुख करू नका. ते आले की लोक शुद्ध मराठीत बोलायला लागतात. त्यांनी महिन्यातून एकदा सगळ्या प्रमुखांना बसवून वह्या बघाव्यात, तेवढं पुरे.

बैठक एक तासाची, त्याहून एक मिनिट जास्त नाही. एक गीत, बायबलच्या दहा-बारा ओव्यांचं वाचन, मग चाळीस मिनिटं प्रत्येकाने आपला आठवडा कसा गेला ते सांगायचं, शेवटी प्रार्थना आणि पैशांचा डबा. वेस्लींच्या गटात विचारला जाणारा प्रश्न आपल्या भाषेत फार सोपा होतो: ‘जीवाला कसं आहे?’ हा प्रश्न विचारला की गप्प राहायचं. उत्तराला वेळ लागतो. बहुतेक गट इथेच फसतात, कारण प्रमुखाला शांतता सोसत नाही आणि तो प्रवचन सुरू करतो. ज्याला प्रवचनाची हौस आहे, तो प्रमुख म्हणून घेऊच नका. ऐकणारी माणसं शोधा. ती बहुधा मागच्या बाकावर असतात.

आई, चहाचं तू ठरव. पहिल्या घरी नुसता चहा, दुसऱ्या घरी चहा-बिस्कीट, तिसऱ्या घरी पोहे आणि पाचव्या घरी शिरा, असं होतं. मग सहाव्या घरची बाई ‘आमच्याकडे नको, जागा लहान आहे’ म्हणते. जागा लहान नसते, खर्च परवडणारा नसतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाक: फक्त पाणी आणि काळा चहा, कुणीही, कधीही. तुझा शब्द बायका मोडणार नाहीत.

कुपवाड एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या मुलांचा वेगळा विचार करा. पाळी आठवड्याला बदलते, त्यामुळे ‘शुक्रवारी साडेसात’ हा वार त्यांना एका आठवड्याला जमतो, दुसऱ्याला नाही, आणि दोनदा चुकलं की ते लाजेने येणंच सोडतात. त्यांचा एक गट रविवारच्या उपासनेनंतर तिथेच बसवा, आणि न येण्याचं कारण कुणी विचारू नका. ते सगळ्यांना ठाऊक असतं.

वहीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. डाव्या पानावर नावं, उजव्या पानावर पाच रकाने: तारीख, आले की नाही, कारण, कोण भेटायला जाणार, भेट झाली ती तारीख. चौथा रकाना रिकामा ठेवून बैठक मोडायची नाही. ‘कुणीतरी जाऊन या’ म्हटलं की कुणीच जात नाही. जो आला नाही त्याच्याकडे तीन दिवसांच्या आत जायचं. कारणाच्या रकान्यात ‘आजारी’ एवढंच लिहू नका. ‘सिव्हिल, दुसरा मजला, सून रात्री एकटी, सकाळी डबा हवा’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं. मात्र मनातलं जे बोललं गेलं, ते वहीत येता कामा नये. कर्ज, भांडण, व्यसन यांतला एक शब्दही नाही. वही कुणाच्याही हाती पडू शकते, आणि एकदा बातमी फुटली की तो गट पुन्हा उभा राहत नाही.

डबा म्हणजे आठवड्याला माणशी दहा रुपये. बारा जणांचे १२०, वर्षाचे ६,२४०. रक्कम लहान वाटते, पण रिक्षाभाडं, औषधाची एखादी पट्टी, रात्री मुक्काम पडला तर जेवण, एवढ्याला पुरते. ज्याच्याकडे दहा नसतील त्याचे प्रमुखाने गुपचूप घालायचे, कॅप्टन फॉयसारखे. मोजणी दोघांनी करायची, ते एकमेकांचे नातेवाईक नकोत, आणि त्याच दिवशी वहीत दोन सह्या. निदान वर्षभर या पैशातून उसने देऊ नका. वेस्लींनी १७४६ मध्ये लंडनला वीस शिलिंगांपर्यंत उसने देऊन तीन महिन्यांत परत घेण्याची सोय केली होती, पण तेव्हा त्यांचे गट चार वर्षं मुरलेले होते. नव्या गटात हप्ता चुकला की माणूस प्रमुखाला टाळायला लागतो, आणि प्रमुखाला टाळताना चर्चलाही येत नाही. पैसा द्यायचाच तर देऊन टाका.

दोन-तीन महिने वह्या भरल्या की बाहेरचं काम त्यांतूनच वर येईल, पण मिरजेत ते कुठलं असेल हे मी आत्ताच सांगू शकते. १८९४ मध्ये मिशनचे डॉक्टर वॉन्लेस यांनी इथे रुग्णालय उघडलं, तेव्हापासून आपलं गाव रुग्णांचं गाव आहे. जत, अथणी, रायबाग, थेट विजापूरकडून माणसं येतात. रुग्णाला खाट मिळते, सोबतच्याला व्हरांडा. मंडळीने सोबतच्यासाठी काम करावं. पण पहिल्या दिवशी पातेलं घेऊन जाऊ नका. आधी चार संध्याकाळी नुसते जाऊन बसा आणि विचारा. अन्न कुणीतरी देतच असतं. कमी असते ती कागदपत्रं समजावणारी, मोबाइल चार्ज करून देणारी, रात्री दोन तास रुग्णापाशी बसून बाईला अंघोळीला सोडणारी माणसं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंच घ्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्यांच्याकडे जायचं असतं. बाहेरगावच्या माणसाचं रेशनकार्ड घरी राहिलेलं असतं, किंवा आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही. बाबा, इतकी वर्षं कचेरीत काढलेल्या तुमच्यासारख्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक दाखवला आणि गावाकडच्या माणसाला मोठ्याने फोन लावून दिला, तरी अर्धं काम होतं. दोन नियम मात्र पक्के ठेवा: पैसे हातात घ्यायचे नाहीत, आणि ‘होऊन जाईल’ असं कुणाला म्हणायचं नाही.

रक्तदात्यांची यादीही त्याच वहीच्या मागच्या पानावर ठेवा: नाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने, बायकांना चार महिने. तारीख लिहिलेली नसेल तर ऐनवेळी दहा फोन वाया जातात.

अन्न द्यायचंच ठरलं तर आठवड्यातून एकच वार, पण तो चुकवायचा नाही. रुग्णालयाची परवानगी लेखी घ्या आणि वॉर्डात अन्न नेऊ नका, कारण तिथे पथ्याचे रुग्ण असतात. फुकट वाटलं तरी अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी लागते. पन्नास माणसांच्या मऊ खिचडीला तांदूळ ४ किलो, मूगडाळ दीड किलो, पाणी साधारण १८ लिटर, तेल अर्धा लिटर, मीठ २०० ग्रॅमच्या आत, हळद आपली सांगलीची चार चमचे. तिखट वेगळं न्या. पातेलं ३० लिटरचं घ्या, काठोकाठ भरलं की तळाशी करपतं आणि वर कच्चं राहतं. आई, सकाळी शिजवून संध्याकाळी वाटायचा मोह कुणाला झाला तर तू अडव. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. उतरवल्यापासून दोन तासांत वाटप संपायला हवं, उरलं तर टाकून द्यायचं.

बाबा, एका गोष्टीवर पंचांशी वाद होईल, तिथे तुम्ही ठाम राहा. ताटाबरोबर पत्रक द्यायचं नाही. भुकेला माणूस ‘नको’ म्हणायला मोकळा नसतो, आणि जो मोकळा नाही त्याच्यापुढे ख्रिस्ताचं नाव ठेवणं मला त्या नावाचाच अपमान वाटतो. तुम्ही कोण, कुठले, असं कुणी आपणहून विचारलं तर सरळ सांगायचं. त्याच्यासाठी प्रार्थना करू का, हे विचारून करायची, आणि तो नको म्हणाला तर पाण्याची बाटली भरून द्यायची.

जूनच्या आत वहीत आणखी एक पान हवं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सांगलीतल्या आणि कृष्णाघाटाकडच्या घरांसाठी प्रत्येक गटाने लिहून ठेवावं: तळमजल्यावर कोण, चालता न येणारं कोण, इन्सुलिन कुणाला, कुणाकडे जाणार. पाणी ३५ फुटांवर आलं की प्रमुखाने फोन सुरू करायचे, ४० ची वाट बघायची नाही. वीज गेली तर इन्सुलिन कोरड्या डब्यात घालून माठात ठेवायचं, हे आई, तुला सांगायला नको. चर्चमधली बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं खालच्या कपाटात आहेत ती वर हलवा, आणि आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन घरांत ठेवा.

सभेचं म्हणाल, तर जानेवारीचा पहिला रविवार धरा. वेस्लींनी ११ ऑगस्ट १७५५ ला लंडनमध्ये सगळ्यांना उभं करून देवाशी करार नव्याने करवला होता. आता बऱ्याच मेथडिस्ट मंडळ्या तो वर्षाच्या सुरुवातीला करतात. तू मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेला ठेव किंवा रिकामा, असा त्या प्रार्थनेचा आशय आहे. तोवर तुमचे गट सहा-सात महिन्यांचे झालेले असतील. मंडप नको, वक्ते नकोत, प्रभुभोजन तेवढं हवं.

बाबा, जिने चढायच्या भेटी तुम्ही घेऊ नका, गुडघ्याला पट्टा लावूनही नको. तुम्ही वह्या आणि कागद बघा. आई, तुझ्या माहेरच्या कानडीची व्हरांड्यात फार गरज आहे. बाकीच्या बायकांना निदान ‘ऊट आतेन्री?’ (जेवण झालं का?) एवढं तरी शिकव. पुढच्या आठवड्यात सहा वह्या कुरिअरने पाठवते, रकाने आखून.

तुमची,
ताई