मांजरीच्या पिल्लाला एकच लस पुरत नाही

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की जिन्याखाली, गाडीच्या बॉनेटमध्ये, नाहीतर बंद दुकानाच्या पायरीवर मांजरीची पिल्ले सापडू लागतात आणि त्यांतले एखादे कुणाच्या तरी घरी कायमचे राहायला येते. ही माया मोलाची आहे. परंतु ‘मांजर घरातच असते, तिला कशाला इंजेक्शन?’ आणि ‘एक लस दिली आहे, आता काळजी नाही’ ही दोन वाक्ये इतक्या वेळा कानावर पडतात की त्यांविषयी लिहिणे मला गरजेचे वाटते.

दुसरे वाक्य मला अधिक घातक वाटते, कारण ते म्हणणारी व्यक्ती बेफिकीर नसते. तिने पिल्लू दवाखान्यात नेलेले असते, पैसेही भरलेले असतात. फक्त पुढच्या तारखेचे कारण तिला कुणी समजावलेले नसते. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात. ती सुरुवातीचे काही आठवडे त्याचे रक्षण करतात, पण त्याच काळात दिलेली लसही निष्प्रभ करू शकतात. हे संरक्षण एका पिल्लात सहाव्या आठवड्यालाच ओसरते, तर दुसऱ्यात ते सोळाव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत टिकते, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. म्हणूनच पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार आणि मांजरांची सर्दी घडवणारे दोन विषाणू यांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. मधला डोस चुकला, तर पिल्लू नेमके सर्वांत नाजूक काळात उघडे पडते.

पॅनल्युकोपेनिया म्हणजे काय, हे आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी पाहिले. आदल्या दिवशी पडद्यावर चढणारे पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसले होते. तहान होती, पण पाणी पोटात ठरत नव्हते. पिवळसर फेसाच्या उलट्या, मग जुलाब, आणि दुसऱ्या रात्री ते गेले. ते कधीही घराबाहेर पडले नव्हते. हा विषाणू चपलेच्या तळव्यावरून, कपड्यांवरून, हातांवरून घरात येतो आणि फरशीच्या फटींत वर्षभरही टिकू शकतो. फिनेलचा त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, शिवाय फिनेल मांजरांना विषारी असते; त्यासाठी ब्लीचचे पाणीच वापरावे लागते आणि नंतर फरशी साध्या पाण्याने पुसून कोरडी करावी लागते. ज्या घरात असा मृत्यू झाला आहे, तिथे दुःख हलके करण्यासाठी लगेच दुसरे लहान पिल्लू आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणायचेच असेल, तर लसींचा पूर्ण क्रम झालेले आणावे.

रेबीजची लस यापेक्षा वेगळी असते. ती पिल्लू बारा आठवड्यांचे झाल्यावर दिली जाते आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, आपल्याकडे बहुधा दरवर्षी, पुन्हा द्यावी लागते. हा प्रश्न केवळ मांजरीचा नाही. मांजर चावली किंवा तिच्या नखाने रक्त आले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना लावून वेळ घालवू नये.

२८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनानिमित्त ठिकठिकाणी मोफत लसीकरण शिबिरे होतात. आमच्या भागातील अशाच एका शिबिरातून मांजरी घेऊन आलेल्यांना ‘हे फक्त कुत्र्यांसाठी आहे’ असे सांगून परत पाठवण्यात आले. वास्तविक प्राण्यांसाठीची रेबीजची लस कुत्र्यांप्रमाणे मांजरांनाही देता येते. भुंकणाऱ्या रांगेत पिल्ले बिथरतात, हे खरे. म्हणून आयोजकांनी मांजरांसाठी सकाळचा पहिला तास राखून ठेवावा आणि पिल्लू झाकणाच्या टोपलीतून आणण्याची सूचना आधीच द्यावी. तसेच दवाखान्यांनी पहिल्याच भेटीत लसीच्या कार्डावर पुढच्या सर्व तारखा आणि जंतनाशकाच्या तारखाही ठळक मराठीत लिहून द्याव्यात.

– एक मांजरपालक, सातारा