आत यायला एक बटण, बाहेर पडायला तीन ओळखपत्रं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्या आठवड्यात, भर पावसात एक पोरगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद, गुडघ्यापर्यंत चिखल. "साहेब, जॉइनिंगला कधी येऊ?" म्हणाला. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. आता माझं जॉइनिंग सकाळी रंकाळ्यावर फिरायला आणि संध्याकाळी भाजी निवडायला. त्याला आत घेतलं, टॉवेल दिला, चहा पाजला आणि कागद बघितले. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी एकतीस वर्षं काढली तिचा शिक्का, क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून नेमणूक, खाली माझं नाव आणि कुणीतरी माझी म्हणून ठोकलेली सही. गणवेश, बूट आणि मेडिकलचे म्हणून साडेतीन हजार रुपये पोरानं मोबाइलवरून भरले होते. गाव गडमुडशिंगी, आयटीआयचा टर्नर, वडील गवंडीकाम करतात. कंपनीच्या गेटवर गेला तेव्हा जुन्या वॉचमननं सांगितलं, साहेब रिटायर झाले, राजारामपुरीत राहतात. म्हणून तो माझ्या घरी.

मी जरा चिडूनच विचारलं, "न बघता पैसे कसे भरलेस रे?"

"बघूनच भरले की साहेब," म्हणाला आणि मोबाइल पुढं केला.

त्यात मी होतो. काळ्या मिशा, कँटीनच्या पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला २०११ सालचा फोटो. नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडून देणारी जी संकेतस्थळं असतात त्यांतल्या एकावरचं माझं पान. 'क्वालिटी मॅनेजर, २००८ ते आजपर्यंत.' ठगानं तोच फोटो व्हॉट्सॲपला लावला होता आणि माझ्या नावानं बोलत होता. पोरगा अडाणी नव्हता. त्यानं नाव शोधलं, पान उघडलं, कंपनी ताडून बघितली आणि मगच पैसे पाठवले. म्हणजे खोट्या माणसाला जामीन राहिलं ते माझं खरं पान. मी नऊ वर्षांत ते उघडलंही नव्हतं.

ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच्यासमोरच फोन लावला, रीतसर तक्रार केली. पण पैसे जाऊन नऊ दिवस झाले होते. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते, हे घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवं. असो. पत्राचा विषय त्यापुढचा आहे. पोरगा गेल्यावर मी ठरवलं की हे खातं आजच्या आज बंद करायचं. त्याला दोन महिने लागले.

हे खातं मी हौसेनं काढलेलं नव्हतं. २०११ साली कंपनीत कुणी ट्रेनर आले होते. त्यांनी कँटीनमध्ये आम्हा सगळ्या मॅनेजर लोकांना बसवून खाती उघडून दिली. परदेशी ग्राहक आपली माणसं शोधतात, म्हणाले. खातं उघडायला दहा मिनिटं लागली असतील, त्यातली पाच फोटोत गेली. ई-मेल दिला कंपनीचा, मोबाइल नंबरही कंपनीच्या सिमचा. दुसरं काय देणार? घरचा ई-मेल तेव्हा नव्हताच.

३१ मे २०२३ रोजी मी निवृत्त झालो. चार वाजता शाल-श्रीफळ, सहा वाजता ई-मेल बंद, सिम परत. यात कंपनीची चूक नाही, मेल तिचाच आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या त्या खात्याची किल्ली घराच्या आत राहिली आणि दार बाहेरून ओढलं गेलं, हे ना मला सुचलं ना कुणाला.

पासवर्ड विसरलो म्हणून बटण दाबलं की कोड जायचा बंद झालेल्या मेलवर. दुसरा पर्याय निवडला तर परत केलेल्या सिमवर. मग मुलीनं हिंजवडीहून फोनवर सांगत सांगत एक फॉर्म शोधून काढला. ज्यांचा मेल गेलाय त्यांनी ओळखपत्राचा फोटो पाठवावा. मुलगी म्हणाली, "पप्पा, आधार जसंच्या तसं टाकू नका. मास्क्ड आधार काढा." आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून असं आधार निघतं ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. मला साठी उलटल्यावर कळलं. आपल्या वाचकांपैकी लॉजवर, सिमच्या दुकानात, झेरॉक्सवाल्याकडं पूर्ण आधार सोडून येणाऱ्यांनी तरी हे लक्षात घ्यावं.

आधार पाठवलं. तीन दिवसांनी इंग्रजीत उत्तर: नाव जुळत नाही. खरंच जुळत नव्हतं. कंपनीत मला सगळे दोन अक्षरं आणि आडनाव असंच ओळखायचे, पानावरही तेच. आधारवर माझं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. दुसरं काही द्या म्हणाले. ड्रायव्हिंग लायसन्स दिलं तर त्यावर आडनाव आधी. पॅन दिलं तर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावाचे तीन अवतार असतात हे त्या यंत्राला कुणी सांगायचं? त्यांचीही बाजू मला समजते. ओळख न पटवता खाती बंद करायला लागले तर उद्या कुणीही कुणाचंही खातं बंद पाडेल. पण माझी माहिती तिथून काढायची म्हणून मी तिथं आणखी तीन कार्डांची भर घालून बसलो, हे काही केल्या मनाला पटत नव्हतं.

शेवटी काम झालं ते ओळखीनं. कंपनीतल्या सिस्टिमच्या पोरानं, एचआरच्या मॅडमची रीतसर परवानगी घेऊन, चहाच्या सुट्टीत माझा जुना मेल वीस मिनिटांसाठी चालू करून दिला. कोड आला, मी आत गेलो.

आत काय होतं ते सांगतो. माझ्या २०१३ सालच्या मोबाइलमधली अख्खी संपर्क यादी तिथं पडली होती. कधीतरी 'ओळखीचे लोक शोधू का' असं विचारलं असणार आणि मी 'हो' दाबलं असणार. गॅसवाला, दूधवाले मामा, आमचे फॅमिली डॉक्टर, देवाघरी गेलेली थोरली वहिनी, सगळे आपापल्या नंबरांसकट. त्यांना कुणी विचारलं होतं? खातं बंद करण्याआधी मी ती यादी पुसली. मग ई-मेल बदलून घरचा घातला, माझी सगळी माहिती एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि बंद करायला गेलो. तिथं दोन वाटा. एकीनं पान नुसतं झाकतं, माहिती राहते, मनात आलं की परत उघडता येतं. दुसरीनं खातं खरंच बंद होतं. घाईत माणूस पहिलीवरच थांबतो, मीही थांबलो होतो, मुलीनं हटकलं. खरं बंद केल्यावरही चौदा दिवस मन बदलायची मुदत. तेवढे दिवस मी तिकडं फिरकलो नाही, कारण चुकून लॉगिन केलं तर खातं पुन्हा जिवंत. पंधराव्या दिवशी पान गेलं. गूगलवर मात्र नाव टाकलं की काळ्या मिशा अजून दिसत. मूळ पान नाहीसं झालं तरी शोधातली जुनी नोंद काही काळ राहते. ती काढायला गूगलचा वेगळा अर्ज आहे, तो भरल्यावर तीही गेली. पूर्वी मी लोकांना पाठवलेले निरोप त्यांच्या पेटीत आहेतच. ते काही परत मागता येत नाहीत.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि अधिसूचनेप्रमाणे मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी १८ महिने. हा कायदा मी मुलीकडून छापून घेऊन पेन्सिल हातात धरून वाचला. कलम ६ मध्ये एक वाक्य आहे ज्याखाली मी दोनदा रेघ ओढली: संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. कलम १२ मध्ये माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसून घ्यायचा हक्क आहे. संमतीची सूचना मराठीतही मागता येईल, कारण राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषा त्यात धरल्यात. कलम १४ प्रमाणे आपल्या पश्चात हे हक्क कुणी बजावायचे तेही नेमून ठेवता येईल. आमच्या पॅटर्न शॉपमधला एक दोस्त जाऊन दोन वर्षं झाली, त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या असं अजून लोकांना सुचवलं जातं. त्याच्या बायकोनं काय करायचं?

फौंड्रीत मोल्ड म्हणजे साचा करताना धातू ओतायला वाट ठेवतात, तशी आतली हवा बाहेर जायला व्हेंटही काढतात. नवीन पोरगं व्हेंट विसरलं की कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या हवेचं भोक, येतं आणि माल रिजेक्ट. या संकेतस्थळांना ओतायची वाट ऐसपैस आहे.

कायदा पूर्ण लागू होईपर्यंत हातात आहे तेवढं वापरावं. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे अशा प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क पानावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं. मला हे आधी ठाऊक असतं तर मेलसाठी कुणाचे पाय धरावे लागले नसते.

पण आपल्या हातातला एक उपाय याहून सोपा आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित इथल्या आणि उद्यमनगरातल्या कारखानदारांना माझी विनंती आहे. माणूस निवृत्त होताना किंवा नोकरी सोडताना पीएफ, ग्रॅच्युइटी, बूट-हेल्मेट परत, असा जो नो-ड्यूजचा कागद भरून घेता, त्यात एक ओळ वाढवा: कंपनीच्या ई-मेलवर आणि सिमवर काढलेली बाहेरची खाती स्वतःच्या मेलवर आणि नंबरवर नेली का? आणि त्या कामाला मेल बंद करण्याआधी पंधरा दिवस द्या. खर्च शून्य. एचआरच्या मॅडमना मी हे सांगितलं, त्यांनी लगेच लिहून घेतलं. आता बाकीच्यांनी घ्यावं.

पत्रलेखकाचं नाव-गाव छापण्याची आपली पद्धत मला ठाऊक आहे. पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर वेगळ्या पाकिटात आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. तो खात्रीसाठी जरूर पाहावा, पण कृपया छापू नये. ऑनलाइन आवृत्तीत तर मुळीच नको.

आपला,
एक निवृत्त फौंड्री कर्मचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर