बाबांची पट्टी आणि आईची कांडी

वडगाव, बेळगाव
रविवार

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा दादाच्या फोनवरून आईने विचारले, "मागच्या खोलीत जहाज बांधायला घेतलंस म्हणे, आणि तेही बुडवायला?" तेव्हा मी घाईत होते म्हणून हसून विषय टाळला. बाबा काही बोलले नाहीत, पण मागे त्यांचे खाकरणे ऐकू आले, आणि त्या खाकरण्याचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा आज सुट्टीच्या दिवशी सगळे नीट लिहून कळवते.

जहाज म्हणजे रिमोटवर चालणारी युद्धनौकेची प्रतिकृती. हा छंद 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सुरू झाला. दोन्ही महायुद्धांच्या काळातल्या खऱ्या नौका 1:144 या प्रमाणात बांधायच्या, त्यांत खरोखर चालणाऱ्या छोट्या तोफा बसवायच्या आणि तळ्यात एकमेकींना भोके पाडून बुडवायच्या, असा हा खेळ आहे. पाण्याच्या वर पडलेल्या भोकाला 10 गुण, पाण्याच्या रेषेवरच्या भोकाला 25 आणि रेषेखालच्या भोकाला 50. बुडालेले जहाज बाहेर काढायचे, भोके बुजवायची आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. म्हणून बाजूचे अंग मुद्दामच 0.8 मिलिमीटर जाडीच्या बाल्सा लाकडाचे करतात, आणि आतल्या बरगड्या ठरावीक अंतरापेक्षा जवळ बसवायला नियमांनी मनाई असते. गोळी आत गेलीच पाहिजे, अशी सगळी रचना.

मी निवडलेली नौका आयएनएस म्हैसूर आहे. बाबा, नाव वाचून पत्र बाजूला ठेवू नका. 1956 साली आपल्याला ज्या राज्यात घातले त्याचेच नाव दुसऱ्या वर्षी या नौकेला मिळाले हे मला माहीत आहे, आणि 1 नोव्हेंबरला दंडावर काळी फीत बांधून निघणाऱ्या माणसाच्या घरात ते नाव रंगवून ठेवणे सोपे नाही हेही कळते. पण मूळची ती ब्रिटिशांची नायजेरिया ही क्रूझर. 1942 च्या ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्रात इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो खाऊनही ती बुडाली नव्हती. 1957 साली ती आपल्या नौदलात आली, आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा कारवारसमोरच्या अंजदीव बेटाजवळ त्रिशूल या दुसऱ्या युद्धनौकेच्या जोडीने उभी होती. त्या बेटावर आपले सात नौसैनिक पडले. त्याच दिवसांत बेळगावात गोळा झालेल्या लष्कराच्या गाड्या तुम्ही शाळेच्या वाटेवर मोजत होता, हे तुमच्याच तोंडून शंभर वेळा ऐकले आहे. आपल्या गावाशी इतका संबंध असलेली दुसरी क्रूझर मला तरी सापडली नाही. नाव मागच्या बाजूला आहे आणि अक्षरे चार मिलिमीटरची आहेत, चष्मा काढलात की दिसणार नाहीत.

खरी नौका 169.3 मीटरांची, म्हणजे माझी 1,176 मिलिमीटरची. याच लांबीने माझी फजिती केली. कील, म्हणजे तळाचा कणा, मी कंपनीतल्या टेपने मोजून कापली. मग बरगड्यांच्या खुणा करायला तुमच्या पेटीतली जुनी पोलादी पट्टी घेतली, कारण तिच्यावरचे आकडे खोल कोरलेले आहेत आणि पेन्सिल त्यांत छान बसते. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, एकेक इंच खूण करत मागे आले, तर शेवटची बरगडी कीलच्या बाहेर, हवेत. पुन्हा मोजले, पुन्हा बारा मिलिमीटरांचा फरक. नकाशाची मोठी प्रत काढून देणाऱ्या दुकानदाराने माप वाढवले असे धरून मी तणतणत त्याच्याकडे गेले. त्याने शांतपणे स्वतःची पट्टी नकाशावर ठेवली आणि माप बरोबर निघाले. घरी येऊन दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, तेव्हा तुमचा एक फूट माझ्या फुटापेक्षा तीन मिलिमीटर लांब दिसला. मग उजेड पडला. ओतलेले लोखंड थंड होताना शंभरात एक या हिशोबाने आकसते, म्हणून साच्यासाठी लाकडी नमुने घडवणाऱ्या पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच तेवढी ताणलेली असते. फाउंड्रीत बत्तीस वर्षे पॅटर्न केलेल्या माणसाच्या मुलीने, जी स्वतः उद्यमबागेत सीएनसीवर मायक्रोमीटर घेऊन बसते, ही श्रिंकेजची पट्टी ओळखू नये, याबद्दल तुम्ही आल्यावर जे बोलाल ते ऐकून घेईन. दुकानदाराची माफी मागून आले आहे.

आता आईसाठी. तोफेत बारूद नसते. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू एका लहान सिलिंडरात भरलेला असतो, त्याचा दाब रेग्युलेटरने दीडशे पीएसआयच्या आत आणतात, आणि व्हॉल्व्ह उघडला की साडेचार मिलिमीटरची पोलादी गोळी ओ-रिंग या रबरी कड्यातून निसटून बाहेर पडते. नळी खाली झुकवलेली असते, कारण नेम शेजारच्या जहाजाच्या पाण्यालगतच्या अंगावर धरायचा असतो. तरी काठावरच्या प्रत्येकाने गॉगल घालायचाच, बघ्यांनीसुद्धा. खऱ्या म्हैसूरवर सहा इंची नऊ तोफा होत्या. माझ्या जहाजावर त्यांतल्या दोनच चालत्या असतील, बाकीच्या शोभेच्या, आणि त्या दोनही मी अजून बसवलेल्या नाहीत. आधी जहाजाला पाणी सोसायला शिकवते आहे.

यातले खरे कसब, मला विचाराल तर, पाणी आत आल्यावर ते कुठे जाईल हे ठरवण्यात आहे. मागच्या हौदात मी जहाज तरंगत ठेवून पाण्याखाली दोन सेंटीमीटरवर साडेचार मिलिमीटरचे एक भोक पाडले आणि आत येणारे पाणी मापाने मोजले, तर मिनिटाला एक तृतीयांश लिटरहून थोडे जास्त भरले. जहाजाचे सगळे वजन पावणेचार किलोच्या आसपास. म्हणजे अशी पाच भोके पडली आणि पंप चालला नाही, तर दोन मिनिटांत खेळ संपला. पंपाचे पाणी बाहेर फेकणारे तोंडही नियमाने आवळलेले असते, मोठ्या जहाजांनासुद्धा साधारण तीन मिलिमीटर, तेव्हा मोठा पंप लावून सुटका नाही. शिवाय पाणी तळाशी सैल राहिले, की वळताना सगळे एका बाजूला धावते आणि जहाज आडवे होते. म्हणून तळ दोन्ही बाजूंनी भरून घेऊन मधोमध एक पन्हळ ठेवायची आणि ती पंपाकडे उतरती करायची. आई, आपल्या न्हाणीचा उतार गवंड्याने उलटा काढला होता आणि तू त्याला फरशी उखडायला लावली होतीस, आठवते का? ती पन्हळ करताना मला सारखी तीच न्हाणी दिसत होती.

गेल्या रविवारी मामांच्या शेततळ्यावर पहिली खरी चाचणी घेतली. माझ्याबरोबर कंपनीतले दोघे होते. आपल्याकडचे आरमार एवढेच. घरूनच पाच भोके पाडून वर चिकटपट्टी लावून नेली होती आणि पट्टीची टोके दोऱ्यांना बांधली होती. जहाज मध्यावर गेल्यावर दोरे ओढले. अर्धे मिनिट पंपाची बारीक धार छान बाहेर पडत होती, आणि मग एकाएकी थांबली. नाळ हळूहळू वर आली, मागची बाजू खाली बसली, आणि बघता बघता काहीच उरले नाही, नुसते बुडबुडे. काठावर मामी "अगं बाई, गेलं की गं पोरीचं!" म्हणत तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. तेवढ्यात थर्माकोलचा लाल तुकडा पाण्यावर उसळी मारून आला. जहाज बुडाले की हा तुकडा डेकवरून सुटतो आणि त्याच्या दोऱ्याने जहाज वर ओढतात. तो दोरा मी तुझ्या मागाच्या कांडीवर भरला आहे, आई. रिळाला फिरावे लागते आणि पाण्यात ते अडकते. कांडीवरचा दोरा टोकाकडून सुटत जातो, कांडी जागची हलत नाही. शहापूरच्या साड्यांसाठी तू वर्षानुवर्षे कांड्या भरल्यास, त्यांतल्या एका रिकाम्या कांडीने माझे जहाज परत मिळवून दिले.

पंपात बाल्साची एक कपची अडकली होती, नखाएवढी. आता पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर बारीक जाळी बसवली आहे. तुझी चहाची लहान गाळणी फडताळात दिसली नाही तर शोधत बसू नकोस. रिमोटचा संकेत घेणारा रिसीव्हर डेकच्या खालोखाल हवाबंद डब्यात असल्यामुळे कोरडा राहिला.

बाबा, तुमच्याकडे एक मागणे आहे. आमच्यातला एकजण ग्राफ श्पे ही जर्मन नौका बांधतो आहे आणि तिचा सांगाडा त्याला फायबरचा हवा आहे. त्यासाठी अख्ख्या तळाचा लाकडी पॅटर्न लागेल, 1,292 मिलिमीटरचा, तुम्ही फाउंड्रीत करत होता तसाच दोन अर्ध्या भागांत, मध्ये डॉवेलच्या खुंट्या घालून. तो घडवण्याचे कसब आम्हा तिघांतल्या एकाच्याही हातात नाही. साच्यातून सहज निघावे म्हणून तुम्ही ड्राफ्टचा उतार सोडता तेवढा सोडा, पण श्रिंकेज अजिबात धरू नका. सागवानाचे तुकडे मी आणून ठेवले आहेत आणि तुमचा बाक मोकळा केला आहे.

पुण्याहून कधी निघता ते दादाला कळवायला सांगा, मी स्टँडवर येईन. तुमची गोल धारेची पटाशी पेटीत सापडली नाही. तिकडे नेली असेल तर येताना आईच्या एखाद्या जुन्या पातळात गुंडाळून आणा, म्हणजे धारही राहील आणि पिशवीही फाटणार नाही.

तुमची लेक