फिस्टुलाचा विचार डायलिसिसच्या आधी व्हावा

महोदय,

तालुक्याच्या गावीही आता डायलिसिसची यंत्रे पोहोचू लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र रुग्णाचे रक्त यंत्रापर्यंत न्यायचे कोणत्या वाटेने, हा प्रश्न बहुतेकदा तो धापा टाकत दाखल होईपर्यंत कोणी काढत नाही. मग मानेतील शिरेत घाईने नळी घातली जाते आणि तात्पुरती म्हणून घातलेली ती नळी महिनोन् महिने तशीच राहते. डायलिसिस चालू असतानाच हुडहुडी भरून थरथरणारा रुग्ण आम्हा तंत्रज्ञांना नवा नाही. अशा वेळी पहिला संशय त्या नळीतून रक्तात शिरलेल्या जंतूंचाच येतो.

यावरचा चांगला उपाय 1966 पासून उपलब्ध आहे. न्यूयॉर्कमधील डॉ. ब्रेशिया, डॉ. सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी मनगटाजवळची धमनी व शीर एकमेकींना जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली; या जोडालाच फिस्टुला म्हणतात. धमनीच्या दाबामुळे शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि आठवड्यातून दोन-तीनदा जाड सुया टोचून घेण्याइतकी ती पक्की होते. बोट ठेवले की हाताखाली घरघर जाणवते; ती थांबली, तर रुग्णाने त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. मनगटाची शीर बारीक असेल तर कोपराजवळ जोड देतात, तीही निकामी असेल तर दंडाच्या आतील खोल शीर उचलून त्वचेखाली आणतात. त्यानंतरचा पर्याय म्हणजे धमनी व शीर यांना जोडणारी, पीटीएफई या प्लास्टिकची कृत्रिम नलिका. ती दोन-तीन आठवड्यांत वापरता येते, पण तिच्यात गुठळी आणि संसर्ग यांचा धोका अधिक. छातीवरून बाहेर काढलेली परमकॅथ, म्हणजे दीर्घकाळ ठेवायची डायलिसिसची नळी, हा शक्यतो शेवटचा पर्याय मानावा. वृद्ध, मधुमेही किंवा हृदय दुबळे असलेल्या रुग्णांबाबत हा क्रम बदलावा लागतो, हे मान्य. पण एरवी सुरुवात मनगटापासून केली, तरच पुढे वर सरकायला जागा उरते.

फिस्टुला तयार व्हायला किमान सहा आठवडे, पुष्कळदा दोन-तीन महिने लागतात. म्हणून जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती गाळतात ते दाखवणारा आकडा, 15 ते 20 पर्यंत घसरला आणि घसरतच राहिला, की रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे पाठवायला हवे. प्रत्यक्षात त्याच काळात मनगटावरची नेमकी तीच शीर सलाईनसाठी वापरून खराब केली जाते, कारण ती चटकन सापडते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला सलाईन वा रक्ततपासणीसाठी शक्यतो तळहाताच्या मागची शीर घ्यावी, ही सूचना केसपेपरवर ठळक शिक्क्याने यावी.

आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात शिरांची डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी) व फिस्टुला शस्त्रक्रिया यांसाठी ठरावीक दिवस राखून ठेवावा. तसेच डायलिसिस केंद्र चालवणाऱ्या संस्थांशी करार करताना, किती रुग्ण फिस्टुलावर आहेत आणि किती मानेतील नळीवर, हा आकडा दरमहा दर्शनी फलकावर लावण्याची अट घालावी.

— एक डायलिसिस तंत्रज्ञ, सातारा