माईकच्या वारंवारता जुळवून देणाऱ्या साहेबांना जाहीर आभार पत्र

आदरणीय साहेब,
स. न. वि. वि.

अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह काल्याच्या कीर्तनाने निर्विघ्न पार पडला आणि मंडपात अगदी मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही महाराजांचा शब्द न् शब्द ऐकू आला, याचे श्रेय आपले आहे. आपण दिलेले ज्ञान मराठवाड्यात गावोगावी साऊंड लावणाऱ्या मुलांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

कीर्तन रंगात आले की कॉलर माईक खरखरायचा आणि दोष बॅटरीला दिला जायचा. दूरचित्रवाणी प्रक्षेपणात नोकरी झालेली असल्याने आपण मात्र आधी माईकचा वारंवारता-पट्टा, म्हणजे तो कोणत्या वारंवारतांवर चालतो, ते विचारलेत. दोन जुने संच ७७० मेगाहर्ट्झच्या आसपासचे निघाले. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा काही भाग मोबाईल सेवेसाठी विकला गेला असून टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या लहरी त्या पट्ट्यात ७५८ ते ८०३ दरम्यान असतात, हे सांगून आपण ते संच बाजूला ठेवायला लावलेत.

त्यानंतर सगळे माईक बंद, पण जनरेटर, दिवे आणि एलईडी पडदा चालू, अशा स्थितीत आपण हवेतील लहरींचा स्कॅन केलात. पडदा उजळताच स्कॅनरवरील आलेखाची तळरेषा वर सरकली, म्हणजे पडदाच लहरींचा गोंगाट वाढवत होता, ते आम्ही सर्वांनी पाहिले. माईकच्या लहरी पकडणारा रिसीव्हर पडद्यामागून हलवून अँटेना बसलेल्या श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर, महाराजांच्या थेट समोर लावण्याचे कारण मग वेगळे सांगावे लागले नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवरचे आपले गणित. साऊंडवाल्या मुलाने तीन माईकसाठी ५२०.०, ५२०.४ आणि ५२०.८ मेगाहर्ट्झ असे समान अंतराचे आकडे निवडले होते. आपण ५२०.४ ची दुप्पट करून त्यातून ५२०.० वजा केलेत आणि उत्तर नेमके ५२०.८ आले. गायक आणि मृदंगाचार्य शेजारी उभे राहिले की त्यांच्या दोन ट्रान्समीटरच्या लहरी एकमेकींत मिसळून तिसरी लहर तयार होते आणि ती तिसऱ्या माईकवर जाऊन बसते, हे त्या मुलाला तिथेच उमगले. मग असमान अंतरे ठेवून, अशा प्रत्येक जोडीची बेरीज-वजाबाकी तपासून आपण सगळे आकडे पक्के केलेत. एकेक माईक चालू करून आणि तो मंडपाच्या टोकापर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय आपण चहासुद्धा घेतला नाहीत, ही निष्ठा मी विसरणार नाही.

आपण मानधन नाकारलेत, केवळ महाप्रसाद घेतलात. आपला वारंवारतांचा तक्ता आम्ही साऊंडच्या रॅकच्या झाकणाला आतून चिकटवला असून, जागा बदलली किंवा जवळ नवा टॉवर उभा राहिला तर स्कॅन पुन्हा करावा, ही आपली सूचनाही त्याखाली लिहिली आहे. पुढील सप्ताहाचे पहिले निमंत्रण आपल्याला देण्यासाठी समितीचे सदस्य स्वतः घरी येतील.

आपला नम्र,
सप्ताह समितीचा एक कार्यकर्ता